ओ द्यायची नाही

दिवेलागणीला बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही, आणि का ते विचारायचं नाही, हा आमच्या घरातला एकमेव नियम. बाकी सगळं विचारायला मुभा होती. मुभा कसली, सक्तीच होती. माझे आबा, म्हणजे आईचे वडील, भाऊसो कांबळे, निवृत्त मुख्याध्यापक. आमच्याकडे देव्हारा नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. चौकात कुणी उतारा टाकला की आबा त्यातलं लिंबू उचलून आणायचे आणि कट्ट्यावर बसून, सगळ्या गल्लीला दाखवत, त्याचं सरबत करून प्यायचे. समोरच्या बायका डोळे मिटून घ्यायच्या. मी शेजारी बसून उरलेलं अर्धं संपवायचे.

अशा माणसाने मला सहाव्या वर्षी मांडीवर घेऊन सांगितलं, की घरामागच्या पाणी साचलेल्या खणीत दगड फोडणारा केरबा नावाचा गडी बुडून मेलाय आणि दिवे लागले की तो हाका मारत फिरतो. आपल्याला ज्याची आठवण येते, त्याच्याच आवाजात हाक मारतो. ओ दिली की तो आपल्याला घेऊन जातो.

मला आठवण यायची पप्पांची. त्याच सुमाराला ते घर सोडून गेले होते. ते मूळचे मुरगूडचे, गुऱ्हाळावर गूळ शिजवणारे. आबांना जावयाला शाळेत शिपाई म्हणून चिकटवायचं होतं आणि पप्पांना गुळाच्या चुलाणापासून हलायचं नव्हतं. एक दिवस दोघांचं जोरात वाजलं, पप्पांनी पिशवी उचलली आणि गेले. आईची नोकरी कोल्हापुरात, महापालिकेच्या शाळेत. ती राहिली. तिच्याबरोबर मी राहिले.

आणि हाक यायला लागली.

रोज नाही यायची. पाचगावच्या रस्त्यावरचे दिवे एकेक करून लागत जायचे, खणीतलं पाणी आधी हिरवं आणि मग काळं व्हायचं, बेडकं ओरडता ओरडता मधेच थांबायची. तेवढ्या त्या थांबण्यात, बोळाच्या तोंडाकडून, अगदी सावकाश यायची. "ठकेऽऽ..."

ठकी मला फक्त पप्पा म्हणायचे. शाळेत, कागदावर, सगळ्या जगाला मी अक्षता.

हाक आली की घरात कुणी कुणाकडे बघायचं नाही. आबा वर्तमानपत्र वर धरायचे. धम्मपालमामा टीव्हीचा आवाज वाढवायचा. आणि आई उठून मिक्सर लावायची. शेंगदाण्याची चटणी. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या घरातली चटणी कधीच संपली नाही. आल्या-गेल्याला डबे भरून जायची. आईच्या शाळेत तर ती चटणीबाई म्हणूनच ओळखली जाते. मिक्सर थांबायचा तेव्हा बाहेर परत बेडकं सुरू झालेली असायची, आणि खिडकीतून एक वास आत आलेला असायचा. उकळत्या रसाचा. ताज्या गुळाचा.

पुढे मी बी.एस्सी. झाले, भीती गेली, राग आला. मी माझ्यापुरता निष्कर्ष काढून टाकला होता. केरबा वगैरे काही नाही. गुळाचा वास येणारा, मला ठकी म्हणणारा माणूस जगात एकच आहे. पप्पा येतात, बोळाच्या तोंडाशी उभे राहतात, घाबरटासारखे एकदा हाक मारतात आणि पळून जातात. आणि माझ्या घरचे शहाणे लोक मिक्सर लावतात. दोन-तीन वेळा मी चपला न घालता धावत गेले होते. प्रत्येक वेळी बोळ रिकामा. मला वाटायचं, पळायला मात्र पटाईत आहेत.

ह्या श्रावणात वकिलीला प्रवेश घ्यायचा होता. जात पडताळणीला वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आई शिक्षिका असो, तिनं एकटीनं वाढवलेलं असो, दाखला बापाचाच लागतो. मी सकाळी चहा पिताना जाहीर केलं, "मी मुरगूडला जातेय."

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"तू कशाला?" मामा म्हणाला. "मी आणतो की! माझी गाडी काय शोभेला हाय व्हय?"

"मागच्या वेळी तू माझं हॉल तिकीट आणायला गेलास आणि मिसळ खाऊन परत आलास."

"दुकान लागलं वाटेत, त्याला मी काय करू?"

आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अक्षता. ह्या घरातून मुरगूडला कुणी जात नाही."

"हा दुसरा नियम का आबा? कधी केला? मला तर एकच माहीत होता."

आबांनी वर्तमानपत्र परत उचललं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेव्हाच मला खटकायला हवं होतं. मुख्याध्यापकाला राग न येणं हे काही बरं लक्षण नाही.

मी एसटी पकडली. कागल मागे पडलं तसा दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर आला. मुरगूडला उतरून विचारलं, तर पानपट्टीवाल्यानेच हात करून दाखवलं. "भूषण व्हय? गुऱ्हाळावर असंल. दुसरीकडं कुठं जातंय ते?"

गुऱ्हाळ गावाबाहेर होतं. बंद हंगामातलं गुऱ्हाळ म्हणजे नुसती शेड, पालथी घातलेली रस उकळायची मोठी काहील, आणि थंड, तोंड वासून पडलेलं चुलाण. एक माणूस चुलाणाच्या तोंडाशी उकिडवा बसून चिखल लिंपत होता. पाठ माझ्याकडे.

"कोण पावणं?" त्याने न वळताच विचारलं.

"पावणं नाही. पोरगी."

चिखलाचा हात जागच्या जागी थांबला. मग ते वळले. केस पांढरे झालेले, गाल बसलेले, डोळे मात्र माझेच. मी बसमध्ये भांडणाची पूर्ण तयारी केली होती, मुद्दे काढले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले,

"दात आलं की गं तुजं!"

"काय?"

"गेलो तवा म्होरला दात पडलावता. नुसती खिंड हुती. गूळ आणला की आधी तू चावायचीस, खिंडीचा शिक्का उठायचा त्येच्यावर, मग उरल्याला मी खायचो. ठके... केवढी झालीस गं."

आता ह्यावर काय भांडणार? पण मी माझ्या आबांची नात आहे. घसा खाकरून भांडले.

"दार वाजवायला काय झालं होतं तुम्हाला? बोळाच्या तोंडापर्यंत येता, एक हाक मारता आणि पळून जाता. शोभतं का हे?"

"दार कसं वाजवू? गुरुजींनी उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाय म्हणून सांगितलंतं." ते हात पुसत उठले. "बोळात मातूर येत हुतो. दर रविवारी. हंगामात उसाच्या पाल्यात गरम गूळ बांधून आणायचो, हुबा ऱ्हायचो, हाक मारायचो. म्हटलं, पोरगी तर यील. तर आतनं कायतरी घर्रर्र वाजायचं."

"मिक्सर."

"दर टायमाला?"

"दर टायमाला. चटणी."

"एवढी चटणी कोण खातंय?"

मी हसायला लागले, ते पण. मग मी त्यांना केरबाची गोष्ट सांगितली. ज्याची आठवण येते त्याच्या आवाजात हाक मारणारा, खणीतला केरबा. पप्पा आधी बघतच राहिले आणि मग वाळक्या पाल्याच्या ढिगावर बसून इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"जित्तेपणी भूत केलं की गुरुजींनी माजं! आणि सोता लिंबाचं सरबत पित्यात!"

"मग आत कधीच का नाही आलात?"

त्यांचं हसू हळूहळू विरलं. "वरीसभर बोळापातूर आलो. मग एक दिस गुरुजी सोता बोळात आलं. म्हणालं, भूषण, पोरगीच म्हणत्या की नको. तिला भ्या वाटतंय तुजं. ...तवापासनं न्हाय आलो."

"मी असं कधीच म्हटलं नव्हतं."

"आता कळलं की."

"पण तुम्ही येत होतात. परवा आला होतात."

"कुठं?"

"घरी. बोळात. परवा दिवे लागताना हाक मारलीत. मी ऐकली. मामाने टीव्ही वाढवला, आईने मिक्सर लावला. सगळ्यांनी ऐकली."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज तेवढा येत राहिला.

"परवा मी हितं चुलाण लिंपत हुतो, ठके. तू दुसरीत हुतीस तवापासनं मी पाचगावचा रस्ता बघितल्याला न्हाय."

"खोटं नका बोलू. गुळाचा वास आला होता. गरम गुळाचा."

"दसऱ्याबगर चुलाण कुठलं पेटतंय?" ते अगदी हळू म्हणाले. "श्रावणात गरम गूळ... कोण आणंल?"

मला थंडी वाजली. भर दुपारी, उसाच्या गावात. पण घाबरून गप्प बसायचं हे आमच्या घरात मोठ्या माणसांचं काम आहे, माझं नाही.

"दाखला घ्या तुमचा," मी म्हटलं. "आणि चला घरी."

"गुरुजी..."

"गुरुजींना मी बघते."

पप्पांच्या मोटारसायकलवरून आम्ही निघालो. कागलला थांबून भजी खाल्ली. मी किती तिखट खाते हे बघून ते खूश झाले आणि टपरीवाल्याला दोनदा सांगितलं की ही माझी मुलगी. टपरीवाल्याने दोन्ही वेळा मान डोलावली. कोल्हापूर जवळ आलं तसे मात्र ते गप्प होत गेले. बोळाच्या तोंडाशी त्यांनी गाडी बंद केली आणि उतरून, सवयीने, तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.

"इथे नाही," मी म्हटलं. "आत."

सूर्य खणीपलीकडे गेला होता. मी त्यांच्या मनगटाला धरून उंबरा ओलांडला. मामा सोफ्यावरून असा उठला की रिमोट उडून पडला.

"भूषणदाजी! आयला... म्हणजे, या की. बसा. पाणी?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. पदराला हात पुसले, पुसत राहिली. "वाळलायस," एवढंच म्हणाली.

"तू चटणी लई करतीस म्हणं," पप्पा म्हणाले. आई हसली. हसताना आईचे खांदे हलतात, हे मला माहीत नव्हतं.

आबा खुर्चीतून उठले नाहीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली आबा.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "आबा, केरबा कोण?"

"अक्षता, पाहुण्यांसमोर..."

"पाहुणे नाहीत. बाप आहे. केरबा कोण?"

 आबा म्हणाले, "कुणी नाही. खणीत कुणी मेलेलं नाही. मी रचला." त्यांचा आवाज वर्गात फळ्याच्या टोकापर्यंत जायचा, आज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. "लहान पोराला भांडण समजत नाही. भूत लगेच समजतं. मला वाटलं, वर्षभर पुरेल. मोठी झालीस की सांगू, हसू."

"गावभर अंधश्रद्धेवर भाषणं देऊन..."

"हो."

"आणि पप्पांना खोटं सांगितलंत. मी नको म्हटलं म्हणून."

"हो. तेही." त्यांनी पप्पांकडे बघितलं आणि नजर खाली नेली. "चुकलं, भूषण."

खरं म्हणजे इथे मी जिंकले होते. आई पप्पांना चहा देत होती, मामा चोरून फोनवर कुणाला तरी 'दाजी आलं, दाजी' असं कळवत होता. पण आबांचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता. ते खिडकीकडे बघत होते. बाहेर पहिला दिवा लागला होता.

"आबा," मी हळू विचारलं, "पप्पा यायचे थांबले, त्यानंतर?"

"त्यानंतरच्याच रविवारी पुन्हा हाक आली." आबांनी ओठ ओले केले. "मला वाटलं, ह्याने शब्द मोडला. काठी घेऊन बाहेर गेलो. बोळात कुणी नव्हतं... हाक मात्र चालू होती. माझ्या समोरून. रिकाम्या जागेतून..."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? मी?"

आई तिच्या जागी स्तब्ध झाली. तिला वाटत होतं की हाक मारणारा नवराच आहे. इतकी वर्षं ती त्याच्यावरच मिक्सर लावत होती. मामाचा फोन कानाजवळच राहिला. त्यातून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

बाहेर बेडकं थांबली.

मी पप्पांकडे बघितलं. ते माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, बशीत चहा ओतून बसले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

"ठकेऽऽ..."

बशी कलली. चहा त्यांच्या पॅन्टवर सांडला, त्यांना कळलंही नाही. "ह्यो... ह्यो माजाच आवाज हाय," ते पुटपुटले. "तवाचा..."

वास आला. उकळत्या रसाचा, गोड, जाड, सगळी खोली भरून टाकणारा. आईचा हात आपोआप मिक्सरकडे गेला. मी आधी पोचले आणि वायर उपटली.

"अक्षता," आबा उभे राहिले. "ओ देऊ नकोस. मी... माझ्याच तोंडून निघालंय ते. मीच ते बाहेर सोडलंय. मला माहीत नाही काय होईल. देऊ नकोस."

"एवढी वर्षं दिली नाही," मी म्हटलं. "काय झालं त्याने?"

"ठकेऽऽ..."

मी दार सताड उघडलं. बोळात दिव्याचा पिवळा गोल होता आणि त्यात कुणी नव्हतं. मी श्वास घेतला. माझा आवाज मोठा आहे, सगळे म्हणतात. खणीपलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हटलं,

"ओऽऽऽ! आले!"

काही झालं नाही. मला कुणी नेलं नाही. थोड्या वेळाने एक बेडूक ओरडलं, मग दुसरं. समोरच्या बाईने खिडकीतून विचारलं, "कोण आलंय गं?" मी म्हटलं, "पप्पा आलेत." ती म्हणाली, "अगंबाई!" आणि खिडकीत आणखी दोन डोकी वाढली.

मग माझ्या पायाला काहीतरी लागलं. पायरीवर उसाच्या हिरव्या पाल्यात बांधलेली पुरचुंडी होती. मी उचलली. गरम होती. पाल्याच्या आतून वाफ येत होती.

पप्पा मागे येऊन उभे राहिले. "गाठ माजीच हाय," ते म्हणाले. "मी अशीच बांधतो."

"ते खणीत टाकून ये," आबा आतून म्हणाले. "आत्ता. आणि दार लाव. उद्यापासून दिवे लागायच्या आधी दार बंद झालं पाहिजे, आणि ह्याबद्दल कुणी कुणाला काही विचारायचं..."

"नाही," मी म्हटलं.

"अक्षता!" हा मामा.

"नाही. टाकणार नाही. दार लावणार नाही. हे उद्याही उघडं राहील आणि रविवारी पप्पा ह्याच दारातून आत येतील. आणि बाहेरून जो कुणी हाक मारेल त्याला मी ओ देणार. आता ह्या घरात मला कुणी नाही म्हणायचं नाही."

आबांचं तोंड उघडं राहिलं. मामाने आबांकडे बघितलं, आबांनी आईकडे. आईने मिक्सरचं भांडं उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

त्या शांततेत मी पाल्याची गाठ सोडली. सोनेरी, मऊ, मुठीएवढा खडा. "चाव आधी तूच," पप्पा हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "रीतच हाय आपली."

मी तो दिव्याकडे धरून फिरवला.

एका बाजूने तो आधीच चावलेला होता. लहान, अगदी बारीक दातांची ओळ, ओली, आत्ताची. आणि मधोमध, पुढच्या दाताच्या जागी, गूळ तसाच शिल्लक राहिला होता.